पद्माक्काचं वलय

नववी ‘ब’मधली स्वरूपा मगदूम बोलते फार, हे शेळवणच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. ती बोलते ते कधी कधी खरंही असतं, हे मात्र वलयपेटी आल्यावर कळलं.

पेटी दिसायला इडलीपात्राएवढी. आत काचेच्या चपट्या बशा, बशीत सायीसारखा पातळ थर आणि त्या थरावर जंतू. घाबरण्यासारखे नव्हेत. आपल्या घशात जे जंतू धिंगाणा घालतात, त्यांचेच हे गरीब स्वभावाचे चुलतभाऊ. कुणाला आजारी पाडायचं नाही, फक्त जिवंत असेपर्यंत काजव्यासारखं मंद निळं चमकत राहायचं, असे घडवलेले. ज्या काढ्याची परीक्षा घ्यायची त्यात टिकलीएवढा कागद बुडवायचा, बशीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. काढ्यात दम असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात, त्यांचा उजेड विझतो आणि निळ्या बशीत काळं वलय उमटतं. जेवढा दम, तेवढं वलय मोठं. पूर्वी याच कामाला जंतू वाढेपर्यंत रात्रभर थांबावं लागायचं. या पेटीत एका तासिकेत निकाल.

आणि निकालाची गरज होतीच. औषधांना न जुमानणारे जंतू इतके माजले होते की, नुसता घसा दुखला तर डॉक्टर गोळी लिहून देईनासे झाले होते. गोळ्या जपून ठेवायच्या, ज्याच्या जिवावर बेतलंय त्यालाच द्यायच्या. मग बाकीच्यांनी काय करायचं? काढे प्यायचे. पण कुठला काढा खरा आणि कुठला नुसताच कडू, हे कोण सांगणार? म्हणून शाळाशाळांत पेट्या आल्या. कुणीही यावं, आपला काढा तपासून घ्यावा. वलय केवढं आलं ते लगेच गावाच्या यादीत, सगळ्यांच्या मोबाइलवर.

शेळवणला तर हे फारच लागू पडलं. गाव घाटाच्या तोंडाशी. विजेवरच्या बसगाड्या घाट चढण्याआधी इथं चार्जिंगला थांबतात आणि तेवढा वेळ प्रवाशांना करायला दुसरं काही नसतं. त्यामुळे स्टँडसमोर औषधी चहाच्या टपऱ्यांची रांगच लागलेली. त्यातली पिंपळाखालची टपरी पद्माक्काची. गावाला ती पद्माक्का, स्वरूपाला आत्या. स्वरूपाचे आईबाबा इचलकरंजीला यंत्रमागावर, आणि स्वरूपा पाचवीपासून आत्याकडे. दोघींचं जमायचंही छान आणि भांडणही रोज व्हायचं.

तर पेटी आली त्याच दिवशी मधल्या सुट्टीत स्वरूपा धावत टपरीवर गेली आणि थर्मासभर चहा घेऊन आली. गवती चहा, तुळस, सुंठ, दालचिनी, गूळ आणि वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे म्हणजे आवळकाठी.

“आधी माझा,” ती म्हणाली.

“तू रांगेत तरी उभी आहेस का?” विज्ञानाचे नदाफ सर म्हणाले.

“सर, रांगेतले सगळे मध आणि लिंबू घेऊन आलेत. त्यांचं काय व्हायचंय ते मला माहितीय. माझा चहा थंड होतोय.”

चहा थंड झाल्यानं काही बिघडत नाही, हे सर सांगणार होते, पण त्यांनी तो नाद सोडला. टिकली बशीत गेली, झाकण लागलं. तासिका संपायच्या आत पडद्यावर चित्र आलं, आणि आधी सरांना वाटलं पेटीच बंद पडली. बशी जवळजवळ सगळीच काळी. कडेला तेवढी निळी रेघ राहिलेली, ग्रहणात सूर्याची राहते तशी.

“हे काय घालते तुझी आत्या चहात?” सर हळूच म्हणाले.

“जीव,” स्वरूपा म्हणाली.

संध्याकाळी तिनं बातमी सांगितली तेव्हा आत्या पातेलं घासत होती.

“म्हंजे पास?” आत्यानं विचारलं.

“पास काय, पहिली आलीस. गावात पहिली.”

आत्याचा हात थांबला. सहावीत तिला शाळेतून काढलं होतं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. त्या भावंडांतच स्वरूपाचे बाबा. ती कशात पहिली यायची वेळच आली नव्हती. ती “हं” म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. पण त्या दिवशी ते पातेलं तिनं फारच वेळ घासलं.

पुढचे महिने शेळवणमध्ये नुसती गंमत. सासवासुना एकमेकींचे काढे चोरून शाळेत आणायला लागल्या. एका लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी काढ्याचं वलय सांगितलं म्हणे. आणि यादीत सगळ्यांत वर पद्माक्का. टपरीवर स्वरूपानं त्या काळ्या बशीचा फोटो मोठा करून लावला. घाट चढणाऱ्याला वलय आधी दिसायचं, पिंपळ नंतर.

आत्या तर बदललीच. खळ घातलेली साडी नेसायला लागली. ‘जंतू’ म्हणायचं सोडून ‘जीवाणू’ म्हणायला लागली. कुणी “अक्का, यात काय असतं?” असं विचारलं की आधी गुळाची ढेप दाखवायची, ती आता हात पुसून म्हणायची, “माझ्या भाचीनं प्रयोगशाळेत सिद्ध केलंय.” हे वाक्य ती इतकं सावकाश म्हणायची की, मागच्या माणसाची बस सुटायची वेळ व्हायची.

बसचालक शिर्के रोजचे गिऱ्हाईक. एकदा ते पोटावरून हात फिरवत म्हणाले, “अक्का, तुमचा चहा घेतला की जरा ढवळतं बघा.”

“लागू पडतंय,” आत्या म्हणाली. “जीवाणू मरताना गप मरतील व्हय?”

सगळे हसले. स्वरूपा सगळ्यांत जास्त हसली.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेनं स्वरूपाचंच नाव पाठवलं. विषय अर्थातच आत्याचा चहा. नदाफ सर म्हणाले, “टपरीवरून आणलेला चहा चालायचा नाही. इथं माझ्यासमोर कर, मोजून मापून. आणि एकेक घटक वेगळा तपास. वलय कशामुळे येतं ते कळायला नको?”

स्वरूपानं आत्याकडून सगळा मसाला आणला, बीकरमध्ये उकळला, टिकली ठेवली, झाकण लावलं. तासिका संपली.

बशी निळीच्या निळी. टिकलीच्या कडेला केसाएवढी काळी रेघ, ती दालचिनीची मेहेरबानी. बाकी जंतू सुखात.

“पुन्हा कर,” सर म्हणाले.

पुन्हा केलं. तुळस वाढवली, जास्त उकळला, गूळ काढून टाकला. बशी निळीच. मग ती टपरीवरून कपभर तयार चहा घेऊन आली. बशी काळीकुट्ट.

स्वरूपा आठवडाभर गप्प होती. वर्गातल्या मुलांनी तिला ताप आलाय का, असं विचारलं. घरी आत्या म्हणाली, “काय गं, प्रदर्शनाची भीती वाटाय लागली व्हय? माझं नाव घे आन बोल.” आणि स्वतः मात्र जेवायला बसून नुसता भात चिवडत राहिली. तिला हल्ली अन्नावर वासनाच नव्हती. सकाळी दोनदा उलटी झाली होती. “दगदग हाय,” एवढंच तिचं म्हणणं. दगदगीला उतारा म्हणून ती दिवसभर काय प्यायची? पातेल्याच्या तळाचा, सगळ्यांत दाट चहा.

एके दिवशी नदाफ सरांनी सहज विचारलं, “तू बीकरमध्ये उकळतेस. आत्या कशात उकळते?”

“पातेल्यात. तांब्याच्या. पणजीचं आहे ते, फार मोठं—”

आणि स्वरूपा थांबली. सरही थांबले.

“कल्हई आहे ना त्याला?” सर म्हणाले.

ती उत्तर न देता टपरीकडे निघाली. आत्या गिऱ्हाइकांत होती. धुवायला काढलेलं पातेलं मागच्या बाजूला पालथं घातलेलं. स्वरूपानं ते उलटवलं. आतून लालबुंद, आरशासारखं. कल्हई असती तर चंदेरी दिसलं असतं. शेळवणला कल्हईवाला यायचा बंद होऊन कितीतरी काळ झाला होता आणि आत्या रोज चिंच आणि राख लावून, जोर लावून, पहिला नंबर आल्यापासून तर दुप्पट जोर लावून घासत होती. तिला वाटायचं, लाल झळकतंय म्हणजे स्वच्छ झालं.

कल्हई म्हणजे कथलाचा थर. तांबं आणि अन्न यांच्यामधली भिंत. ती झिजली की आंबट पदार्थ थेट तांब्याला भिडतो आणि तांबं थोडं थोडं त्यात उतरतं. दिसत नाही. तांब्याचे ते अदृश्य कण जंतूंना खरोखरच मारतात, त्यात पेटीची काही चूक नाही. पण पोटात गेले की माणसालाही ढवळतं, उलट्या होतात, आणि फार दिवस जात राहिले तर आत यकृताला इजा होते. पेटीला यातलं काय माहीत असणार? तिला एकच कळत होतं, उजेड विझला की नाही. आवळकाठीचा आंबट चहा, दिवसभर मंद आचेवर, उघड्या तांब्यात. गावातला पहिला नंबर.

स्वरूपाला सगळं समजलं आणि पहिल्यांदा मनात काय आलं? प्रदर्शन नव्हे. “माझ्या भाचीनं सिद्ध केलंय,” हे वाक्य. ते आता आत्याच्या तोंडून कसं काढून घ्यायचं?

दुपारी आत्या खाटेवर आडवी झाली होती. स्वरूपा साळीच्या लाह्यांची वाटी घेऊन उशाशी बसली. चार लाह्या खाऊन आत्यानं वाटी बाजूला केली.

“आत्या, आंबट ताक पितळेच्या भांड्यात राहिलं तर काय होतं?”

“कळकतं, कडवट होतं. कशाला?”

“आणि चहा?”

आत्यानं डोळे उघडले. ती भोळी नव्हती. स्वरूपानं मग सगळं सांगितलं. बीकर, निळी बशी, लाल पातेलं. तिच्या नेहमीच्या बोलण्यातला एकही फुलोरा त्यात नव्हता. आत्या छपराकडे बघत ऐकत होती.

“म्हंजे वलय माझ्या चहाचं न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “भांड्याचं.”

“हो.”

“तू म्हणालीस पहिला नंबर, मी मानलं. आता म्हणतीस भांड्याचा नंबर. त्ये पण मानू?” आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी तुटलं होतं. “तुझ्या सांगण्यावर मी किती येळा उठायचं आन किती येळा बसायचं, स्वरू?”

आत्यानं भिंतीकडे तोंड केलं. स्वरूपानं लाह्यांची वाटी पुन्हा पुढं केली. मग भिंतीकडे बघतच आत्या म्हणाली,

“मला दाखव. सांगू नगंस. दाखव.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, टपरी बंदच राहिली. शाळा सुटल्यावर पद्माक्का डोक्यावर पातेलं घेऊन प्रयोगशाळेत शिरली. नदाफ सरांनी पांढरा कोट दिला. तो साडीवरून कसाबसा चढला, गुंड्या काही लागल्या नाहीत.

“बसा अक्का,” सर म्हणाले.

“बसायला आल्ये व्हय,” असं म्हणून ती उभीच राहिली.

स्वरूपानं योजना सांगितली. चार टिकल्या. तांब्याच्या पातेल्यात केलेला चहा, स्टीलच्या पातेल्यात केलेला चहा, तांब्यात उकळलेलं नुसतं पाणी आणि आवळकाठी, स्टीलमध्ये उकळलेलं तेच. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. शेगडी तिनंच पेटवली, पाणी तिनंच मापलं. उकळून, गाळून, चार वाट्या तयार झाल्या. स्वरूपा चिमटा उचलायला गेली तर आत्यानं तिचा हात धरला.

“तू तिकडं तोंड कर.”

“का?”

“कुठली टिकली कशाची हे तुला कळलं तर तू त्या पेटीलाही पटवशील. तोंड हाय तुझं तसलं.”

नदाफ सर मोठ्यांदा हसले. “अक्का, मोठमोठ्या प्रयोगांत असंच करतात.”

“मग करू द्या की मला,” आत्या म्हणाली.

स्वरूपा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. सरांनाही आत्यानं खिडकीकडे बघायला लावलं. मागून फक्त बांगड्यांचा आवाज. चार टिकल्या, चार बशांत. झाकण लागलं.

वाट बघताना आत्यानं सगळी प्रयोगशाळा पाहिली. बरणीतला बेडूक बघून तोंड वाकडं केलं. एका सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. “ह्ये काय हाय?” “कांद्याची साल.” “कांदा रोज चिरत्ये की मी,” ती म्हणाली आणि पुन्हा डोळा लावला. स्वरूपाला एकदम वाटलं, सहावीत हिला काढलं नसतं तर.

पेटी वाजली. पडदा उजळला.

“वाच,” आत्या म्हणाली.

“पहिली टिकली. वलय आहे, मोठं.” स्वरूपा एकेका बशीवर बोट ठेवत गेली. “दुसरी, काही नाही. तिसरीला केसाएवढी रेघ. चौथी...” ती थांबली. “चौथीचं सगळ्यांत मोठं. पहिलीपेक्षाही.”



“चौथी कशाची होती, आत्या?”

आत्या पडद्याजवळ गेली. चौथ्या बशीतल्या काळ्या गोलावर तिनं बोट ठेवलं.

“पाण्याची,” ती म्हणाली. “नुसतं पाणी आन आवळकाठी. माझ्या पातेल्यातली.”

मग बोट सरकत तिसऱ्या टिकलीवर आलं. स्टीलमधला चहा. तुळस, सुंठ, दालचिनी, गूळ, सगळं जिथल्या तिथं आणि त्याच्याभोवती निळे जंतू आनंदात चमकत होते.

“माझा चहा पिऊन मजेत हाईत की गं,” ती म्हणाली. हसायला गेली आणि हसू मध्येच राहिलं. “ती हातकणंगल्याची पोरगी, मंगळवारच्या गाडीनं येती बघ. बाटली भरून न्हेती. लेकराला पाजती म्हणाली होती.”

स्वरूपाला ती आठवत होती. आत्या तिच्याकडून पैसेसुद्धा घ्यायची नाही.

“आत्या, मी आधीच सगळं तपासायला हवं—”

“तू पोर हाईस,” आत्या म्हणाली. “आन मी रोज ते पातेलं घासत हुते. मला लाल दिसत नव्हतं व्हय?” तिनं कोट काढला, नीट घडी घातली आणि सरांच्या हातात दिली. “प्रदर्शनात काय सांगणार आता?”

“हेच,” सर म्हणाले. “आता कुठं प्रयोग झालाय.”

घरी जाताना पातेलं दोघींनी एकेका कानाला धरून नेलं. वळणावर आत्यानं स्वरूपाच्या केसांत अडकलेला पिंपळाचा देठ काढला आणि तसाच हात थोडा वेळ तिच्या डोक्यावर ठेवला.

रविवारी सकाळी टपरीवर फोटो नव्हता. चुलीवर नवं स्टीलचं पातेलं. पहिली बस आली, लोक नेहमीसारखे धावत आले.

“वलयवाला चहा द्या.”

“वलय गेलं,” आत्या म्हणाली. “चहा हाय. घ्यायचा तर घ्या.”

“गेलं म्हणजे?”

प्रत्येकाला तिनं सांगितलं. ज्यांनी ज्यांनी आधी प्यायला होता त्यांना तर हात धरून थांबवून सांगितलं, ढवळत असेल तर डॉक्टरला दाखवा म्हणाली. एकानं तिला वाईट बोलून घेतलं. ते तिनं मान खाली घालून ऐकलं. स्वरूपा पुढं झाली तर तिला डोळ्यानं गप्प केलं. पुष्कळ लोक शेजारी मल्लाप्पा हुक्केरीच्या टपरीकडे वळले. यादीत आता तो वर सरकला होता.

शिर्के चालक तेवढे थांबले. सगळं ऐकून घेतलं, पोटावरून हात फिरवला. “तरीच,” ते म्हणाले. मग स्टीलच्या पातेल्याकडे वाकून बघितलं. “ह्यात तुळस हाय का जास्त?”

“हाय.”

“मग द्या की. माझी गाडी चार्ज व्हायची हाय अजून.”

त्यांना चहा देता देता आत्याचं लक्ष मल्लाप्पाच्या रांगेकडे गेलं. रांगेत ती मंगळवारवाली पोरगी, आज रविवारीच आलेली. कडेवर लेकरू आणि हातात बाटली. आत्यानं गाळणं खाली ठेवलं आणि सरळ चालत गेली. स्वरूपा मागोमाग.

“बाटली भरू नगंस,” आत्या त्या पोरीला म्हणाली. “जरा थांब.” आणि मल्लाप्पाच्या पातेल्यावर वाकली.

“काय अक्का, तुझं वलय गेलं म्हणून माझं मोजायला आलीस व्हय?” मल्लाप्पा म्हणाला. रांग हसली.

आत्यानं त्याची पळी घेतली, चहा बाजूला सारला, आतली कड बघितली. लाल.

“कल्हई कधी केलीस, मल्लाप्पा?”

“आता कोण येतो कल्हईला?”

“यात आंबट काय घालतोस?”

“कोकम. का?”

आत्यानं आधी गॅसचं बटण फिरवलं. मल्लाप्पा “अगं, अगं” करत राहिला. मग तिनं हात पुसले आणि बोलायला लागली. नेहमीइतक्याच सावकाश. चार वाट्या कशा केल्या. टिकल्या कुणालाही न दाखवता कशा ठेवल्या. चहाला वलय आलं तसं नुसत्या आवळ्याच्या पाण्यालाही आलं आणि स्टीलमधल्या चहाला आलं नाही, म्हणून मारणारा चहा नव्हता, तांबं होतं. जे जंतूला मारतं ते लेकराच्या पोटालाही सोडत नाही. तिनं एकही पायरी गाळली नाही. स्वरूपानंसुद्धा पाण्याची टिकली सांगायची राहिली असं वाटून तोंड उघडलं होतं, पण ती आधीच सांगून झाली होती.

लेकराच्या आईनं बाटली पिशवीत टाकली.

मल्लाप्पा पातेल्याच्या आत बघत राहिला. मग त्यानं अविश्वासानं आत्याकडे आणि नंतर स्वरूपाकडे पाहिलं. शेवटी शाळेत जाणारी तीच होती.

“हे खरं का गं, पोरी?”

“मला काय विचारता, काका?” स्वरूपा म्हणाली. “प्रयोग तिनं केलाय.”